राजाच्या भुकेची नोंद

बुरूडआळीचा नळ बंद पडला, आणि निंबगिरी राज्यात तक्रार ऐकायला माणूसच उरला नव्हता. राजा दुर्जयरावांनी दोन हत्ती विकून परदेशातून एक तक्रारीचं मशीन आणवलं होतं. ते राजवाड्याच्या दारात बसवलं आणि दवंडी पिटली, की ज्याला जे सांगायचं ते मशीनला सांगावं. तोंडी बोलेल त्याचं कोणी ऐकणार नाही!

पाण्यावाचून बुरुडांनी करायचं काय? बांबूच्या पट्ट्या भिजल्याशिवाय वळत नाहीत, आणि लग्नसराई तर तोंडावर आलेली. सुपं, परड्या, रोवळ्या, सगळंच अडलं. आळीतली माणसं रोज मशीनपुढे रांग लावायची. मशीन म्हणायचं, अंगठा लावा. बांबू तासून गुळगुळीत झालेले ते अंगठे मशीनला पटायचे नाहीत. एखाद्याचा पटलाच, तर पडद्यावर एक चकती गरगर फिरू लागायची आणि फिरता फिरता मशीन झोपी जायचं.

रोज संध्याकाळी प्रधान त्र्यंबकपंत मशीनवरचा आकडा वाचून दाखवायचे.

"आजच्या तक्रारी शून्य, महाराज."

"म्हणजे प्रजा सुखात आहे," असं म्हणून राजा मिशीवर ताव द्यायचा. त्या सुखापायी बुरूडआळीतल्या बाया नदीवरून हंडे वाहून वाहून थकल्या होत्या, पण हंड्यांचा आकडा मशीनमध्ये दिसत नव्हता.

त्या आळीतली येसू राजाच्या मुदपाकखान्यात वाढपाचं काम करायची. एके दिवशी राजाच्या पानात भात वाढताना तिला राहवलं नाही.

"महाराज, आमच्या आळीला पाणी न्हाई. सांगायला जावं तर तुमचं मशीन चालत न्हाई."

"चालत नाही?" राजाचा घास हातातच राहिला. माझ्या मशीनला नावं ठेवते म्हणजे काय! "अगं, तसं असतं तर एकतरी तक्रार आली नसती का?"

पंत गालात हसले. "महाराज, हिला संधी द्यावी. मशीन चालत नाही, अशी तक्रार हिनं मशीनवरच नोंदवावी. नोंदली गेली, तर मशीन चालतं, म्हणजे ही खोटी. नाही नोंदली गेली, तर तक्रारच नाही. मग पाणी कशासाठी सोडायचं?"

राजाला ही युक्ती फारच आवडली. "ऐकलंस पोरी? मशीन चालत नाही हे मशीनवरच सिद्ध कर. उद्या दुपारपर्यंत जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर मुदपाकखाना सोडायचा आणि तुझ्या आईबापाला घेऊन वेशीबाहेर जायचं."

येसूच्या घरात तिच्या पगाराशिवाय चूल पेटत नव्हती. पण एकदा बोलून बसल्यावर माघार कशी घ्यायची? ती म्हणाली, "करते महाराज. फक्त उद्याच्या दिवस दवंडीचा नियम राजवाड्यातबी लागू करा. कुणी काही तोंडी मागायचं न्हाई, मागितलं तर कुणी द्यायचं न्हाई. जे पायजे ते मशीनवर."

"एवढंच ना? दिला शब्द!"

दुसऱ्या दिवशी दुपारी राजा पाटावर येऊन बसला. समोर रांगोळी, चांदीचं ताट, आणि ताट रिकामं. मुदपाकखान्यातून पुरणपोळीचा आणि कढवलेल्या तुपाचा वास येत होता.

"वाढ," राजा म्हणाला.

येसू हात बांधून उभी राहिली. "महाराजांना भूक लागली असंल तर मशीनवर नोंद करावी जी."

राजाने शब्द दिलेला. तो उठला आणि तरातरा दारात गेला. अंगठा लावला. मशीनने तो पटवून घेतला, तसं राजाने पंतांकडे ऐटीत पाहिलं. मग मशीन म्हणालं, आपल्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे. राजवाड्याचा नंबर होता थोरल्या महाराजांच्या नावावर, आणि थोरले महाराज कधीच वैकुंठाला गेले होते. पंतांनी त्यांचा जुना फोन शोधायला माणसं पिटाळली. फोन सापडेपर्यंत मशीन म्हणालं, वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा.

राजाने पुन्हा सुरुवात केली. या वेळी ओटीपी मिळाला, तर चकती फिरू लागली. राजाच्या पोटात कावळे ओरडत होते. त्याने मशीनवर थाप मारली, मग गोंजारलं, मग पंतांना ढकलून पुढे केलं. पंतांनी एक बटण दाबलं आणि पडदा काळा झाला.

"पोरी, भूक लागली आहे गं," राजा काकुळतीला येऊन म्हणाला.

"तोंडी सांगितलेलं ऐकायचं न्हाई, असा आपलाच हुकूम हाय," येसू म्हणाली. पडदा पुन्हा उजळला, तशी ती पंतांकडे वळली. "पंत, आज भुकेच्या किती नोंदी झाल्या, बघा बरं."

पंतांनी पाहिलं आणि घसा खाकरला. "शून्य."

"शून्य म्हणजे महाराजांचं पोट भरलेलं हाय," येसू म्हणाली. "ताट उचलू का?"

राजाला असं हसू फुटलं की दारातले पहारेकरीही भाले टेकवून हसू लागले.

"जिंकलीस! मशीनवरच सिद्ध केलंस, आणि तेही माझ्याकडून करवून घेतलंस! माग, काय हवं ते माग. आणि तोंडानं माग."

"आळीला पाणी, महाराज. आणि तक्रार ऐकायला दोन कान असलेला माणूस."

राजाने हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. मग पाटावर बसता बसता त्याने हुकूम सोडला, की नळाला पाणी येईपर्यंत पंतांनी बुरूडआळीतच मुक्काम करावा आणि लोक सांगतील ते दोन्ही कानांनी ऐकावं.

"महाराज," पंत चाचरत म्हणाले, "हा हुकूम मशीनवर चढवून घेऊ का?"

"पंत," राजा पोळीवर तूप ओतून घेत म्हणाला, "तुम्ही आधी चालायला लागा."