ठमाईचं उघडं दार

फार फार वर्षांमागे, ओहोळवाडीच्या वडाला अजून पारसुद्धा नव्हता, तेव्हापासून ठमाईचं घर तिथं होतं. काविळीनं डोळे पिवळे झालेला माणूस दारात आला, की ती त्याला द्रोणभर हिरवा रस द्यायची. सातव्या दिवशी गडी आपल्या पायांनी शेतावर जायचा, असं म्हणतात. पैसा नको, नारळ नको. फक्त औषध कुठलं, ते मात्र विचारायचं नाही. सांगितलं की गुण जातो, असं तिच्या सासऱ्यानं शपथ घालून बजावलं होतं.

आणि बाई महाहुशार. रानातून दहा तऱ्हेचा पाला आणायची, दार लावून एकच वाटायची, उरलेल्या नऊ घरामागच्या परड्यात फेकून द्यायची. शोधा म्हणावं आता! शेजारचा केरबा तो फेकलेला पाला गुपचूप उचलून न्यायचा. ठमाईला ते ठाऊक होतं, आणि तिला भारी हसू यायचं.

मग एका श्रावणात ओढ्याचं गढूळ पाणी विहिरीत शिरलं आणि घरोघर कावीळ झाली. नेमकी त्याच वेळी ठमाईची बोटं सुजून वांग्यासारखी झाली. वरवंटा धरवेना. घरात तिची सून राही, सहा महिन्यांची पोटुशी, पिवळीधमक होऊन पडलेली. बाहेर बत्तीस माणसं बसलेली. दात आवळून वाटलं, तर एका द्रोणापुरता रस निघाला असता. दुसऱ्या कुणाला वाटायला द्यावं, तर औषध कळणार, गुण जाणार, आणि राहीही हातची जाणार. ठमाई पाट्यापाशी बसून रडली हो, अगदी ढसाढसा रडली.

राहीनं पडल्यापडल्या सगळं ओळखलं. ती एवढंच म्हणाली, "आत्याबाई, दार उघडा. पाटा बाहेर घ्या."

ठमाईनं दार उघडलं. बांधावरची वीतभर भुईआवळी उपटून आणली, पानांखाली लागलेल्या बारीक आवळ्या सगळ्यांना दाखवल्या, आणि सासऱ्याची मनोमन माफी मागितली. ज्यांचे हात धड होते, ते वाटायला बसले. त्या दिवशी वाडीतले पाटे इतके वाजले, की डोंगरापलीकडच्या लोकांना मेघ गरजल्यासारखं वाटलं, असं म्हणतात.

सहा दिवस ठमाईच्या घशाखाली घास उतरला नाही. सातव्या सकाळी राहीचे डोळे जाईच्या फुलासारखे शुभ्र झाले. बत्तीसच्या बत्तीस माणसं उठून बसली. गुण काही गेला नव्हता.

तेव्हा केरबा खाली मान घालून आला. हातात घेटुळीचा वाटलेला पाला. म्हणाला, "ठमाई, हा तू फेकलेला पाला. माझा गुडघा सुजला की मी हाच बांधतो. चोरलेला होता, म्हणून इतकी वर्षं बोललो नाही."

त्यानं तिच्या बोटांवर लेप बांधला. चार दिवसांत सूज उतरली आणि वरवंटा पुन्हा हातात आला. ज्या पाल्यानं गावाला फसवलं, त्यानंच तिचे हात बरे केले. ठमाई हसली आणि रडलीही. पुढच्या पावसात प्रत्येक उंबऱ्याशी भुईआवळी आपोआप उगवली, असं म्हणतात.

आजही श्रावणातल्या पहिल्या सोमवारी ओहोळवाडीत पाटे अंगणात येतात आणि दिवसभर एकही दार लावत नाहीत. पहिला द्रोण ठमाईच्या नावानं वडाखाली ठेवतात. नवी सून आली, की आधी तिला बांधावर नेऊन ती वीतभर वनस्पती ओळखायला शिकवतात. परगावचं कुणी औषध विचारत आलं, तर ज्याच्या दारात तो येईल, तो हातातलं काम टाकून उठतो, आणि त्याचा हात धरून त्याला बांधापर्यंत नेतो.