गुलछडीचा नाच

"आणि ढोल थांबल्यावर ती कुणासाठी नाचते?"

गफूरशा फकिरानं विचारलं ते घोडीकडे न बघताच. तापीकाठच्या आपल्या तकियात, झोपडीपुढच्या चिंचेखाली बसून तो चुलीतली राख काटकीनं पुढं ओढत होता.

सुपडूला तो प्रश्न काही आवडला नाही. इतका वेळ तो आपल्या घोडीची तारीफ सांगत होता. वरातीची घोडी ती. गुलछडी तिचं नाव, आणि रंगही तसाच पांढराधोट. नवरदेव पाठीवर बसला, ढोल वाजायला लागला, की ही एकेक पाय उचलून अशी ठुमकायची की लोक नवरदेवाला विसरायचे. गेल्या लग्नसराईत तर नवलच झालं. वाजवणारे चहाला थांबले, तरी ही जागच्या जागी नाचतेच आहे. एक पाय टेकव, दुसरा उचल. दुसरा टेकव, पहिला उचल. केवढ्या टाळ्या पडल्या! बायांनी तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

"कुणासाठी म्हणजे काय बाबा? अंगातच आहे ते तिच्या. जातिवंत आहे."

"हं."

"आता पाय धरलाय, लंगडतेय, म्हणून आणली. नालबंदानं जाड नाल ठोकून बघितली, फरक नाही. गावात म्हणतात, सुपडू, विकून टाक, नाहीतर डॉक्टरला सांगून सुटका कर तिची." त्याचा आवाज इथं जरा बसला. "तुम्हाला घोड्यातलं कळतं म्हणे."

फकीर उठला. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. घोडी पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागं घेऊन उभी होती. कुणी तापलेल्या तव्यावर उभं केल्यासारखी.

त्यानं सुपडूचा हात धरला आणि घोडीच्या पुढच्या खुरावर ठेवला.

"गरम आहे," सुपडू म्हणाला. "उन्हातून आलीय ना."

"मागचे पाय सावलीतून आले का?"

सुपडूनं मागच्या खुराला हात लावला. तो गार होता.

मग फकिरानं त्याची दोन बोटं पुढच्या खुराच्या वर, मागच्या खोबणीत टेकवली. आत काहीतरी ठोके देत होतं. धप, धप, धप. बोटं उडतील इतक्या जोरानं.

"हा तिच्या दुखण्याचा ढोल," फकीर म्हणाला. "हा चहाला थांबत नाही."

सुपडूनं बोटं काढली नाहीत. त्याला त्या टाळ्या आठवल्या. त्यात सगळ्यात मोठी टाळी त्याचीच होती...

फकिरानं घोडीच्या सुटलेल्या पोटावरून हात फिरवला.

"खायला काय घालतोस?"

"त्यात कमी नाही हो काही." सुपडूला जरा धीर आला. "भिजवलेले हरभरे, बाजरी, गूळ. वरातीच्या दिवशी नवरदेवाची बहीण ताटातून डाळ-गूळ चारते, त्याशिवाय नवरदेव वर बसत नाही. मग आत्या चारते, मावशी चारते. कुणाला नाही म्हणायचं? आणि घरी माझ्या जेवणातला पहिला घास तिचा. गुळात कुस्करून."

"तुझ्याबरोबर जेवायला आणखी कोण असतं?"

सुपडूनं नदीकडे बघितलं. उन्हाळ्याची नदी, अर्धी वाळूच.

"ताट एकच असतं बाबा."

फकिरानं मान हलवली. "गूळच उतरलाय तिच्या खुरांत. लोखंड काढायचं. गूळ बंद, दाणा बंद, हिरवा चारा बंद. जुनं वाळकं गवत पाण्यात भिजव, त्यातला गोडवा उतरला की पाणी फेकून दे. मग ते गवत घाल. आणि तिला वाळूत राहू दे."

"नाल नाही तर वरातीत चालेल कशी?"

"वरातीत कोण म्हणालं?"

नालबंद आला. खिळे एकेक करून सरळ केले, एकेक करून ओढले. कानशीनं खुराचं वाढलेलं नाक मागं घेतलं. नालबंद जाताना कुरकुरला, "अनवाणी घोडी म्हणजे काय शोभा आहे का?" घोडी मात्र ओल्या वाळूत पाय रुतवून उभी राहिली आणि तिनं लांब श्वास सोडला.

सुपडू तिथंच राहिला. घरी जाऊन करायचं काय होतं? तकियाच्या पडवीत त्यानं पथारी टाकली. चिंचेजवळ एक जुना खुंटा होता, दोरानं घासून घासून गुळगुळीत झालेला. आसपास कुठं घोडं दिसत नव्हतं.

"तुमचं होतं का बाबा, घोडं?"

फकीर राख ओढत राहिला...

दिवस असे गेले. सांज झाली की गुलछडी मान वर करायची आणि खिंकाळायची. ती तिची घासाची वेळ. सुपडू कानावर पटका ओढून बसायचा. एका सांजेला मात्र त्याला राहवलं नाही. कनवटीत गुळाचा खडा होता, तो काढून दबक्या पावलानं तो वाळूत उतरला. घोडीच्या तोंडापाशी हात नेतोय, तोच बाजूनं दुसरा एक तळहात पुढं आला. वाळका, सुरकुतलेला.

"मला दे."

"बाबा, एवढासा तर आहे."

"मी पण एवढासाच आहे. दे."

सुपडूनं खडा त्याच्या हातावर ठेवला. फकिरानं तो तोंडात टाकला. दात नव्हतेच, तो चघळत राहिला.

"ती मला हाक मारते हो," सुपडू म्हणाला. "ऐकवत नाही."

"गवत आहे तिच्यापुढं."

"गवताचं नाही बाबा..." सुपडू वाळूत बसलाच. "बायको गेली. पोरगा सुरतेला आहे, त्याला कपडे पाठवले, तूप पाठवलं. मिळालं म्हणतो, येत नाही. दिवस बुडताना माझ्याकडे चालत येणारी ही एकच आहे. गूळच दिला नाही, तर ही तरी कशाला येईल?"

"कधी बघितलंस?"

"काय?"

"न देता."

तसं सुपडूनं कधीच बघितलं नव्हतं. बघायची छातीच झाली नव्हती.

"रोज आणत जा," फकीर ओठ चाटत म्हणाला. "माझ्यासाठी."

मग तोच रिवाज पडला. सांजेला घोडी हाक मारायची, सुपडू गुळाचा खडा काढायचा आणि फकिराच्या हातावर ठेवायचा. फकीर चघळायचा. घोडी बघत राहायची. सुपडू तिच्या नजरेला नजर देत नसे.

पाऊस येऊन गेला. नदी तकियाच्या पायरीपर्यंत चढली आणि उतरली. घोडीच्या खुरावर वरून नवी, नितळ वाढ उतरत आली, जुनी खडबडीत वळी खाली सरकत सरकत कानशीखाली गेली. आधी ती वाळूत चार पावलं टाकायची. पुढं सुपडू तिला पात्रातल्या गोट्यांवरून सावकाश फिरवू लागला. तिचं सुटलेलं पोट आत गेलं. थंडीच्या अखेरीला खूर पहाटे गार असायचा, दुपारीही गारच.

लग्नसराई आली. सांगावे येऊन गेले, सुपडूनं घोडी दिली नाही.

एके सांजेला पलीकडच्या काठावरून वरात निघाली. ढोलाचा आवाज पाण्यावरून सरळ इकडे आला. सुपडू धडपडत उठला.

गुलछडीनं कान टवकारले. आवाज वाढला, कमी झाला, थांबला. घोडी चारही पायांवर भार देऊन उभी होती. एकही पाय उचलला नाही.

"नाचत नाही बाबा ही!" सुपडू ओरडला. हसत होता, आणि पटक्याच्या टोकानं डोळेही पुसत होता. "नाचत नाही!"

फकीर नुसता मान हलवत होता.

सवयीनं सुपडूनं कनवटीतला खडा काढून पुढं केला. फकिरानं आपला हात मागं घेतला.

"आज मला गोड नको."

"मग?"

"तुझ्याकडेही ठेवू नको. तिचा दोर सोड."

सुपडूला कळलं. इतके महिने ज्याला भीत होता, ते आता समोर होतं. त्यानं खडा मुंग्यांच्या वारुळापाशी टाकला. दोर सोडला. नदीवर जाऊन हात धुतला, वाळूनं घासून घासून, वासही उरू नये म्हणून. मग दूर गोट्यांमध्ये जाऊन उभा राहिला आणि तळहात पुढं केला.

घोडीनं त्याच्याकडे बघितलं. मान वळवली आणि गवताकडे गेली.

सुपडूनं डोळे मिटले. हात तसाच राहिला. खाली घ्यायचंही त्याला सुचलं नाही. पलीकडची वरात लांब गेली होती. वाऱ्याबरोबर चिंचेची पानं तेवढी वाजत होती...

मग गोट्यांवर पावलं वाजली. सारखी, एकसारखी, कुठं अडखळत नव्हती.

तळहाताला ऊब लागली. ओलं, मऊ नाक. घोडीनं हात हुंगला. चाटला. बोटांच्या बेचक्यांत शोधलं, पुन्हा एकदा शोधलं. आणि मग तिचं तोंड तिथंच, हातावर टेकून राहिलं.

सुपडूला ओशाळल्यासारखं झालं.

"बाबा," तो चिंचेकडे बघून म्हणाला, "रिकामाच आहे हो हात..."

चिंचेखाली फकीर राख पुढं ओढत होता.

"तिला ते केव्हाच कळलंय."