गजराआजींची अंघोळ

“...म्हणजे माझ्यामुळे नाही ना गेल्या त्या?”

“नाही,” साळवे मॅडम म्हणाल्या. “हृदय थकलं होतं त्यांचं.”

“पाणी गार होतं, म्हणून नाही?”

“नाही.”

शर्वाणीनं श्वास सोडला. आता सुटल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं... वाटलं नाही.

स्त्रियांच्या वॉर्डाच्या टोकाला, हिरव्या पडद्यामागे, गजराआजी निजल्या होत्या. सकाळीच गेल्या. त्यांची लेक गावाहून निघाली होती. ती येण्याआधी आजींना स्वच्छ करून, नीट झाकून ठेवायचं होतं.

शर्वाणी देवकाते नर्सिंग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. वर्गात पहिली. नुसती पहिली नाही. आपण पहिल्या आहोत हे चालण्यातही दिसू देणारी. तिला आता पडद्याच्या आत पाऊल टाकवत नव्हतं.

“मॅडम, माझे गुण काढून घ्या.”

“कुठले?”

“परवाच्या प्रॅक्टिकलचे. मी खोटं बोलले.”

साळवे मॅडमचं बोलणं म्हणजे उंबराचं फूल. मुलींना शिकवून शिकवून केस पांढरे झाले, पण शब्द काही त्यांनी सढळ हातानं कधी खर्चले नाहीत.

“गुण काढल्यानं पाणी तापेल का?” त्यांनी एवढंच विचारलं.

झालं होतं ते असं.

कॉलेजच्या लॅबमध्ये एक रबरी पुतळा होता. मुलींनी त्याचं नाव ठेवलं होतं यमुनाबाई. यमुनाबाईंना अंघोळी घालाव्यात तितक्या थोड्या, पण अंगाला पाण्याचा थेंब नाही. पाण्यानं रबर खराब होतं म्हणे. म्हणून रिकामं तसराळं पुढ्यात घ्यायचं, त्यात कोपर बुडवल्यासारखं करायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, “पाणी कोमट आहे.” म्हटलं की गुण. “आजी, आता पाय पुसते हं.” म्हटलं की गुण.

शर्वाणीसारखं स्वच्छ, न अडखळता म्हणणारी दुसरी मुलगी नव्हती. बाकीच्या मुलींना तिचं बघून शिका असं सांगितलं जाई.

परवा मात्र परीक्षा वॉर्डात होती, जिवंत माणसावर. पौषातली सकाळ. पाणी तापवायला वॉर्डात एकच शेगडी आणि तिच्यापुढे मुलींची रांग. बाहेरून आलेल्या परीक्षकबाई सारख्या घड्याळ बघत होत्या. शर्वाणीचा जीव टांगणीला लागला. तिनं नळ सोडला आणि तसराळं भरून घेतलं.

पाणी गार आहे हे तिच्या लक्षात आलं नाही, असं नव्हतं. आलं, आणि तिनं ते बाजूला सारलं.

“पाणी कोमट आहे,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. कोपर पाण्याच्या वरच राहिलं.

पायाला ओला रुमाल लागला तसा गजराआजींनी पाय आखडून घेतला.

“गार लागतंय गं, बाई.”

“नाही, आजी. कोमट आहे.”

आजींनी तिच्याकडे पाहिलं. मग उशाशी उभ्या असलेल्या परीक्षकबाईंकडे पाहिलं. काय समजायचं ते त्या बहुतेक समजल्या. आखडलेला पाय त्यांनी पुन्हा सरळ केला.

“असंल, बाई... माझंच अंग गार पडलं असंल.”

परीक्षकबाईंनी शर्वाणीची पाठ थोपटली. वेळ तर मारून नेली. आजींना नंतर एकटीनं भेटून सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. काल तिची ड्यूटी दुसऱ्या वॉर्डात लागली. आज आली, तर पडदा लावलेला.

“मी माफी मागणार होते, मॅडम. खरंच मागणार होते,” शर्वाणी म्हणाली. “आता कुणाकडे मागू?”

मॅडमनी पडद्याची कड नीट ओढली.

“मला आता कुणाच्या अंगाला हात लावायची भीती वाटते. मी हे शिकणं सोडते. पुढच्या आजी असं म्हणाल्या, तर... तर मला काहीच सुधरणार नाही.”

इतक्यात वॉर्डातल्या शालन मावशी नळाच्या पाण्याची बादली घेऊन आल्या. माणूस गेल्यावर अंग पुसायचं काम त्यांच्याकडेच असे.

“आणलं पाणी, मॅडम. उरकून घेते बिगीबिगी. लेक यील आता.”

“राहू द्या, मावशी,” साळवे मॅडम म्हणाल्या. “आज आम्ही करतो.”

मावशींनी एकदा मॅडमकडे आणि एकदा त्या रडवेल्या मुलीकडे पाहिलं. बादली तिथेच ठेवून त्या निघून गेल्या.

मॅडमनी छातीवरचं घड्याळ काढून खिडकीत ठेवलं. बाह्या वर केल्या, बादली पडद्याच्या आत सरकवली. मग शर्वाणीकडे वळल्या.

“पाणी तापव.”

“आता?” शर्वाणीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “मॅडम, आता त्यांना काय...”



मॅडम नुसत्या थांबल्या. रागावल्याही नाहीत.

शर्वाणी शेगडीपाशी गेली. आज रांग नव्हती. पातेल्यातलं पाणी हळूहळू गुणगुणायला लागलं, तशी ती भिंतीला टेकून रडली. किती थोडा वेळ लागतो पाणी तापायला! तेवढा वेळ तिला परवा काढता आला नव्हता. फार वाईट वाटलं तिला.

पाणी घेऊन ती पडद्याच्या आत आली आणि तिनं ते तसराळ्यात ओतलं. कढत होतं. त्यात बादलीतलं घातलं, कोपर बुडवलं, पुन्हा थोडं घातलं, पुन्हा बुडवलं. दोन वर्षांत तिचं कोपर पहिल्यांदाच ओलं झालं होतं.

“पाणी कोमट आहे,” ती म्हणाली.

“मला कशाला सांगतेस?”

शर्वाणी आजींच्या चेहऱ्याकडे वळली. डोळे मिटलेले होते. हनुवटीखालून पट्टी बांधलेली. परवा बोलणारं तोंड आता बोलणार नव्हतं.

“आजी...” लॅबमध्ये कधी न अडखळलेला तिचा आवाज अडखळला. “आजी, तोंड पुसते हं.”

मॅडमनी आजींची मान हलकेच उचलून धरली. झोपलेल्या माणसाची धरावी तशी. शर्वाणीनं कपाळ पुसलं. कानामागे पुसलं. हात पुसले. दर खेपेला आधी सांगत गेली. कुणी हो म्हणत नव्हतं, कुणी गुण देत नव्हतं.

मॅडम कोरड्या टॉवेलनं टिपत होत्या. मध्येच त्या हलक्या आवाजात म्हणाल्या,

“रिकाम्या तसराळ्यावर गुण देणारी मीच होते, शर्वाणी.”

शर्वाणीनं वर पाहिलं. मॅडम तिच्याकडे बघत नव्हत्या. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता.

मग पाय राहिले.

टाचांना भेगा पडल्या होत्या. रानातल्या कामाची माती भेगांत कायमची जाऊन बसलेली. शर्वाणीनं रुमाल भिजवला, पिळला आणि तोच पाय हातात घेतला, परवा आखडून घेतलेला. आज तो आखडला नाही. ती वाट बघत होती, तरी आखडला नाही.

मग तिला राहवलं नाही.

“आजी, गारच होतं,” ती पायावर डोकं टेकून म्हणाली. “तुमचं अंग गार नव्हतं, आजी... पाणीच गार होतं. मला ठाऊक होतं.”

पडद्यापलीकडे कुणाच्या तरी ताटाचा आवाज झाला. जेवणाची वेळ होत आली होती. साळवे मॅडम टॉवेल हातात धरून उभ्या राहिल्या. त्यांनी तिला उठवलं नाही की थांबवलं नाही.

बऱ्याच वेळानं शर्वाणीनं डोकं वर केलं. नाक पुसलं. एक पाय झाला होता, दुसरा राहिला होता.

“मॅडम... ऐकलं असेल का त्यांनी?”

मॅडमनी पुसून झालेला पाय चादरीखाली घेतला.

“माफ केलं असेल का मला?”

साळवे मॅडम वाकल्या. त्यांनी तसराळ्यात कोपर बुडवलं. थोडा वेळ तसंच ठेवलं.

“गार झालंय,” त्या म्हणाल्या. “दुसरं आण.”