विळा नसलेलं घर

डोंगराच्या कडेवर जांभूळवाडी बसली होती. गेल्या साली नाचणी कापणीला आली आणि गारा पडल्या. टपोऱ्या, पांढऱ्याशुभ्र, दिसायला मोत्यांसारख्या. पण सगळी कणसं मातीत गेली. आता उन्हाळा सरत आला आणि घरोघरची मडकी रिकामी झाली. उरली फक्त बियाण्याची कणगी.

वाडीत सावड होती. आज सगळ्यांनी मिळून एकाचं शेत करायचं, उद्या दुसऱ्याचं. बियाणंही सगळ्यांचं मिळून एकच.

"उद्या कणगी फोडू," सावडीचा म्होरक्या भागोजी म्हणाला. "पोरं उपाशी झोपतात."

"मग पेरायचं काय, मामा?" रुंजीनं विचारलं. ती त्याची भाची. आईबाप नसलेली, इवलीशी, काटकुळी पोर.

"दगड," मामा म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

रुंजी रडली नाही. टोपली उचलून रानात निघाली. कणगी फुटू द्यायची नाही, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

रानात बहावा फुलला होता. पिवळेधमक घोस वाऱ्यावर झुलत होते. खाली करवंदीच्या जाळीत काहीतरी लुकलुकलं. निळ्या-हिरव्या पंखांची चिमुकली परी काट्यांत अडकली होती. रुंजीनं एकेक काटा हलक्या हातानं सोडवला. बोटं रक्ताळली. पाखरांनी मागे ठेवलेली चारच करवंदं जाळीवर होती, तीही तिनं परीलाच दिली.

"काय हवं तुला, बाळ?" परीनं विचारलं.

"सावडीला खायला हवं. आणि बियाणं तसंच राहायला हवं."

"तुझ्यासाठी काही?"

"मी सावडीतच आहे की."

परीनं बहाव्याचा घोस हलवला. पाकळ्या खाली पडता पडता त्यांची इवली इवली सोन्याची नाणी झाली.

"ज्याला जे हवं ते ज्यानं त्यानं घ्यावं," परी म्हणाली. "पण दिवस मावळायच्या आत. आणि वाडीतली एक जरी चूल वगळलीत, तर सोन्याच्या पुन्हा पाकळ्या होतील."

रुंजीनं नाण्यांची टोपली वाडीत आणली, तशी सावड खळ्यावर जमली. प्रत्येक घरानं आपला विळा पुढे ठेवला. विळ्यामागे वाटा, ही तिथली रीत. भागोजीनं पहिल्या विळ्याजवळ नाणी ठेवली आणि बघता बघता टोपलीभर पिवळ्या पाकळ्या झाल्या.

"फुलं आणलीस होय," गंगूकाकू म्हणाली. "आता आमटी कर त्यांची."

रुंजीनं विळे पाहिले. मग छपरं पाहिली.

"मामा, ठकूआजीचा विळा नाही."

"हात मोडलाय तिचा. कामाला येत नाही. विळा नाही तर वाटा नाही."

"हात कुठं मोडला?"

भागोजी मांडलेले विळे उगाच सरळ करू लागला.

"आपला बांध घालताना मोडला, मामा. सावडीच्याच कामात." रुंजीनं आपल्या घराचा विळा उचलला. "तिला नाही, तर आपल्यालाही नको."

सूर्य कलला होता. भागोजी उठला, तडक ठकूआजीच्या दारात गेला आणि तिला धरून खळ्यावर घेऊन आला.

"साल झालं रे भाग्या," म्हातारी म्हणाली. "मला वाटलं, वाट विसरलास."

"विसरलो होतो. बस. पहिला वाटा तुझा."

त्यानं पाकळ्या तिच्या ओच्यात घातल्या. ओचा झगमगला. टोपली झगमगली.

सगळे पायथ्याच्या बाजाराला धावले. कुणी तांदूळ घेतला, कुणी तेल-मीठ, कुणी लेकराचं औषध. ठकूआजीनं तांबडी कोंबडी घेतली. "तांदूळ उसना मिळतो," ती म्हणाली, "कोंबडी कोण उसनी देतं?" दिवस मावळला तेव्हा वाडीतल्या सगळ्या छपरांवर धूर होता. कणगीला कुणाचा हात लागला नाही.

पेरणीला सावड पहिल्यांदा ठकूआजीच्या शेतात उतरली. रुंजीनं पहिली मूठ भरली, तेवढ्यात परी तिच्या मनगटावर येऊन बसली.

"स्वतःसाठी मागितलं नाहीस, म्हणून मीच देते," ती म्हणाली. "या हातानं टाकलेला दाणा कधी वाया जाणार नाही."

निळा-हिरवा, सोनेरी उजेड शेतभर पसरला. रुंजीचे डोळे दिपले. उघडले, तेव्हा मनगट रिकामं होतं.

"बघत काय उभी राहिलीस?" बांधावरून ठकूआजी म्हणाली. "पेर."

रुंजीनं मूठ उघडली.