तळातली डाळ

भांडी मनातलं बोलून टाकत, त्या काळात भागुबाईंच्या फडताळात तूरडाळीचा एक पितळी डबा होता. 'डाळ संपली' असं म्हणणंसुद्धा भागुबाईंना अशुभ वाटे. डबा निम्म्यावर आला की त्या वरून नवी डाळ ओतत. मग तळातली डाळ तळातच राही, तिला भुंगे लागत आणि दर वर्षी ती उकिरड्यावर जाई. लोक मात्र डब्याला नावं ठेवत.

यंदा भागुबाई नवी डाळ घेऊन आल्या, तेव्हा डब्याने झाकण घट्ट धरलं.

"मुकाट्याने उघड," त्या म्हणाल्या.

"नाही उघडणार. आधी जुनी डाळ काढा, ती शिजवा. मला पुसून उन्हात ठेवा आणि मगच नवी भरा."

"रिकामा डबा शेजारणींनी पाहिला तर?"

"आणि उकिरड्यावरची डाळ त्यांना दिसत नाही वाटतं?"

"गप बस रे, मोडीत घालतील तुला," परात कुजबुजली.

"घालू देत. अन्न नासवणारा डबा म्हणून मला इथं राहायचं नाही."

भागुबाईंनी झाकण ओढलं, लाटण्याने ठोकलं आणि शेवटी त्या दमून खाली बसल्या. "बरं बाबा, काढते जुनी."

झाकण लगेच निघालं. परातीत ओतलेल्या डाळीतले चार भुंगे निवडून टाकले, तर बाकीची चांगली निघाली. आठवडाभर घरात तिचंच वरण झालं.

मग भागुबाई नव्या तांदळाची पिशवी घेऊन उठल्या. तांदळाच्या डब्याचं झाकण काही केल्या उघडेना.