मनमोहिनी थिएटरातला उलटा पदर

हिंगणपेठेच्या मनमोहिनी थिएटरात नाटक करायला आलेल्या प्रत्येक नटीला पहिल्या प्रवेशात पदर उजव्या खांद्यावर घ्यावा लागतो. भूमिका राणीची असो की मोलकरणीची. तुमच्यासारख्या शहरातून आलेल्या बायका आधी हसतात, मग चिडतात. चिडा खुशाल, ताई. पण आधी गोष्ट ऐका. मी इथे चाळीस वर्षं पडदा ओढतोय, आणि ही गोष्ट मला माझ्या आईने सांगितली. ती त्या खेळाला होती.

हे थिएटर बाळाप्पा शेटे यांनी बांधलं ते नाटकासाठी. पुढे सिनेमा आला. आधी चार दिवस सिनेमा, तीन दिवस नाटक, असं करत करत नाटक उरलं वर्षातून दोनदा. इथली कंपनी मोडली आणि नटमंडळी पोटामागे पांगली. राहिली एकटी अंबूताई नेवरेकर. एके काळी तिच्या गाण्यासाठी लोक गाड्या जुंपून यायचे. आता ती रंगपटाच्या खोलीत राहून पडदे शिवायची.

तिने एक पण केला होता, असे सांगतात. ज्या फळ्यांवर उभी राहून गायले, त्यांच्याकडे खालच्या खुर्चीतून बघणार नाही. पण सिनेमाची ओढ तिलाही होतीच की. तेव्हाचा पडदा साध्या कापडाचा. ती त्याच्यामागे, रंगमंचावर ट्रंक टाकून बसायची आणि कापडातून उमटलेलं चित्र पाहायची. एकदा एका विधवेच्या कहाणीचा सिनेमा लागला, तो तीस आठवडे हलला नाही. अंबूताईने तो रोज पाहिला, म्हणे.

त्याच सुमारास शेटेंनी ठरवलं, रंगमंच बुजवायचा आणि भिंत घालून तिच्यावर मोठा पडदा लावायचा. अंगणात विटा येऊन पडल्या. अंबूताईला त्या रंगमंचाशिवाय दुसरं घर नव्हतं. ती शेटेंकडे गेली.

"अण्णा, एक खेळ करू द्या. लोक मधेच उठून गेले तर पहिली वीट मी लावीन."

शेटे काही वाईट माणूस नव्हता. तो हो म्हणाला.

तिने तोच सिनेमा नाटकात बसवला. जुन्या कंपनीतले चार जण गोळा केले. खेळाच्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. पडदा उघडला, अंबूताई आली आणि लोकांत खसखस पिकली. सिनेमातली नायिका डावीकडून यायची, ही उजवीकडून आली. दिवा डाव्या हातात. पदर उजव्या खांद्यावर. बिचारीला वाटलं होतं, शहरात पदर घ्यायची ही नवी तऱ्हा असेल. आमच्या मंडळींना सिनेमा पाठ. ती कशाला सोडतात? बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, "अंबूताई, पदर उलटा!"

ती थांबली. आई सांगायची, तिचा हात खांद्याकडे गेला आणि तिथेच राहिला. कापडाच्या मागून चित्र उलटं दिसतं, हे तिला तिथे, सगळ्यांसमोर कळलं.

मग पदर तसाच ठेवून ती म्हणाली, "तुम्ही समोरनं बघितलं. मी मागनं बघितलं. मला ती अशीच दिसली."

तेव्हा कुठे लोकांच्या ध्यानात आलं. ही बाई तीस आठवडे आपल्यासमोर, कापडाच्या पलीकडे बसून होती, आणि अंबूताई हल्ली कुठे असते असं आपल्यातल्या एकानेही विचारलं नव्हतं. लोकांना लाज वाटली. पुढे ती तीन तास खेळली. एकही माणूस उठला नाही.

बाहेर पडताना, म्हणे, प्रत्येकाने अंगणातली एकेक वीट उचलून घरी नेली. राखणदार शेटेंकडे धावत आला. शेटे म्हणाले, "नेऊ दे." दोन हजार विटा गेल्या असे सांगतात. मला आकडा जरा फुगवलेला वाटतो, पण आमच्या न्हाणीत दोन आहेत.

भिंत झाली नाही. आजही नटी पहिल्यांदा रंगमंचावर आली की बाल्कनीतून कुणीतरी ओरडतं, "पदर उलटा!" तेव्हा ताई, बावरू नका आणि पदराला हात लावू नका. अंबूताईचं वाक्य म्हणा. सगळं थिएटर उठून उभं राहील. टाळ्या वाजणार नाहीत, कारण ते उभं राहणं तिच्यासाठी असतं. तेवढा वेळ तुम्ही तिच्या जागी असता.