कपाळातलं तेज

"तेज उतरलं म्हणून कुणी गोळ्या घेतं का, बुवा?"

मठाच्या ओसरीवर, सगळ्यांदेखत, विश्वंभरानं गुरूंना, अण्णाबुवांना, हा जाब विचारला. रागानं त्याचे कान लाल झाले होते. का होऊ नयेत? हौसाबाईची तारा भुवयांच्या मध्ये ठणकतंय म्हणून कण्हत आली, तेव्हा यानंच तिला अंगारा लावून सांगितलं होतं, 'तेज उतरतंय. गोळ्या बंद कर.' मायलेकी पायासुद्धा पडल्या होत्या. आणि आज बुवा स्वतः त्या दोघींना एसटीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात सोडून आले! शिष्याची अब्रू गेली ना गावात.

"विचारतोय मी, बुवा..."

बगलेतल्या पाकिटातून बुवांनी काळी फिल्म काढली आणि उन्हाकडे धरली.

"ताराच्या डोक्याचा फोटो. बघ."

कवटी दिसत होती. भुवयांच्या वर दोन पोकळ्या. एक काळीकुट्ट, दुसरी पांढरीशुभ्र.

विश्वंभर टुणकन उठला. "मी काय म्हणत होतो! बघा रे सगळे! हे तेज नाही तर काय आहे?"

"आणि ही दुसरी बाजू?"

"तिथं अजून अंधार आहे. उतरेल हळूहळू."

"तो अंधार म्हणजे हवा," बुवा म्हणाले. "डॉक्टरीणबाईंनी दाखवलं. पोकळी रिकामी असली की फोटोत काळी दिसते. ती बाजू धडधाकट आहे."

"आणि... पांढरं?"

"पू."

बुवांनी फिल्म खाली घेतली.

"डोळा सुजून बंद झालाय पोरीचा!" बुवांचा आवाज चढला. "गोळ्या चालू असत्या तर ही वेळ आली नसती. उद्या ऑपरेशन. डोळा राहतो की जातो, देव जाणे. आणि हौसा तिथं पायरीवर बसून मला विचारतेय, 'बुवा, तेज काढून टाकलं तर पोरीला पाप लागेल का हो?' काय सांगू मी तिला? अरे, लाज कशी वाटली नाही तुला?"

विश्वंभराची मान खाली गेली. पण खोड जाते कुठे! खालमानेनंच तो पुटपुटला,

"तिच्या बाबतीत चुकलं असेल, बुवा... पण मला तर ध्यानात रोज दिसतं. इथंच, भुवयांच्या मध्ये... पांढरंशुभ्र."

बुवांनी फिल्म पाकिटात सारली. नुकत्याच काढलेल्या वहाणा पुन्हा पायात घातल्या.

"मग चल. तुझाही फोटो काढून आणू."